परसातला कांदा आणि माझी अर्धवट सांगितलेली गोष्ट



संक्रांत झाली. उन्हाळ कांद्याच्या लागवडी उरकत आल्यात, ज्यांच्या राहिल्या त्यांची मजुरांसाठी पळापळ चालू आहे. अशा गडबडीत परसातल्या दोन वाफ्यांवर एवढं लांबलचक लिहायला बसलोय, त्याला कारण आहे.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर मी इथं एक फोटो टाकला होता. पाटीभर लालभडक कांदा, मागं घराची भिंत. खाली दोनच ओळी लिहिल्या होत्या. "पावसाळ्यात रोपाची कटकट नको. बारीक कांदा लावा, तीन महिन्यांत मोठा कांदा काढा." लोकांना तो फोटो लई आवडला. फोन आले, सोयऱ्याधायऱ्यांनी विचारलं. माझ्या पुतण्यानं तर फारच मनावर घेतलं आणि गेल्या खरिपात वीस गुंठे लावले. त्याचं काय झालं ते पुढं सांगतो. चांगलं झालं नाही, आणि त्यात माझा वाटा आहे.

त्या दोन ओळी खोट्या नव्हत्या, पण अर्ध्या होत्या. शेतीत अर्धी माहिती फुकट मिळते आणि उरलेली अर्धी पैसे मोजून शिकावी लागते. आमच्या घरात ते पैसे पुतण्यानं मोजले. म्हणून आज सगळं सांगतो.

आधी मी या नादाला लागलो कसा ते ऐका. आम्ही चांदवड तालुक्यातले. कांदा हेच आमचं पीक. खरिपात लाल, मग थोडा रांगडा, आणि मुख्य म्हणजे उन्हाळ. घराशेजारी कांदाचाळ आहे. अशा माणसाच्या घरात कांदा विकत आणायची वेळ येईल का? आली. एका वर्षी उन्हाळ कांद्याला भाद्रपदात भाव चढला. चाळ रिकामी केली. घरच्यासाठी दोन गोण्या बाजूला ठेवल्या होत्या, भाव अजून वर गेला तेव्हा त्याही गाडीत टाकल्या. म्हणलं, महिन्याभरात लाल कांदा येतोच आहे. पण त्या साली लाल कांद्याचं रोप वाफ्यातच बसलं होतं. आठ दिवस झड लागली, वाफ्यात पाणी साचलं, मर लागली आणि रोप झोपलं. दुसऱ्यांदा उळे टाकलं, लागवड महिनाभर मागं गेली.

दिवाळीच्या आदल्या बाजाराला सौ.नं पिशवीत कांदा घेतला. विकणारा ओळखीचा. हसत म्हणाला, "नाना, तुम्ही पण कांदा इकत घ्यायला लागले का?" त्यानं गमतीनं म्हणलं असेल, पण मला ते लागलं. घरी येताना सौ. एवढंच म्हणाली, "अहो, आत्याबाई असत्या तर असं झालं नसतं."

आत्याबाई म्हणजे माझी आई. आईच्या वेळेला पडवीच्या आढ्याला बारीक कांद्याच्या जुड्या टांगलेल्या असायच्या. पातीसकट वेणीसारख्या बांधलेल्या. राखीपौर्णिमा झाली की आई त्या उतरवायची आणि न्हाणीच्या मागं, जिथं सांडपाणी जातं तिथं, दोन वाफे लावायची. दिवाळीच्या सुमाराला घरात नवा कांदा. बोराएवढा असतो म्हणून आमच्या घरात त्याला बोरकांदा म्हणत. कृषी विभागाची माणसं आणि पुस्तकं त्याला 'सेट' म्हणतात. मी दहावी पास झालो, शेतात उतरलो आणि मला वाटलं, तीन एकर कांदा करणाऱ्याला दोन वाफ्यांचं काय कौतुक? आई गेली आणि जुड्याही गेल्या. त्या दिवाळीला बाजारातून कांदा आला तेव्हा त्या जुड्या आठवल्या.

पुढच्याच जानेवारीत बी आणलं. तेव्हापासून दरवर्षी परसात हा कांदा करतोय.

आता मुद्द्याचं. बोरकांदा म्हणजे बारीक राहिलेला कांदा, असं समजून बरेच लोक फसतात. बाजारात कांद्याच्या निवडीत जी गोल्टी निघते, चिंगळी निघते, ती म्हणजे सेट नव्हे. स्वयंपाकघरात टोपलीत मोड आलेला कांदा, तोही सेट नव्हे. सेट मुद्दाम तयार करावा लागतो. बी दाट टाकायचं, रोप उपटून दुसरीकडं लावायचं नाही, तिथंच दाटीत वाढू द्यायचं. जागा नाही, खुराक नाही, म्हणून कंद बोराएवढा होतो आणि उन्हाळा लागला की पात पडून झोपी जातो. तो पावसाळ्यात जागा करून मोकळ्या जागेत लावला की राहिलेली वाढ पूर्ण करतो. पावसाळ्यातल्या नाजूक रोपाचं सगळं दुखणं आपण असं टाळतो. झडीत रोप बसतं, पण कंदाच्या पोटात शिदोरी असते, तो तग धरतो. रोपाच्या कांद्यापेक्षा काढणीलाही लवकर येतो.

मग मोठा कांदा लावला तर अजून लवकर मोठा होईल, असं वाटतं ना? इथंच गडबड आहे. कांदा हे मूळचं दोन हंगामांचं पीक. पहिल्या हंगामात कंद करतो, दुसऱ्या हंगामात डोंगळा काढून बी देतो. बियाण्यासाठी आपण डोंगळे लावतो तेव्हा चांगला पोसलेला कांदा निवडतो, तो याचसाठी. कंद मोठा असला आणि वर थंडी लागली की त्याला वाटतं आपला पहिला हंगाम झाला, आता फुलावं. शिवाय मोठ्या कंदाच्या पोटात एकापेक्षा जास्त डोळे असतात. एकाला दोन-तीन फुटवे येतात आणि जोडकांदा होतो. बोराएवढा कंद अजून लेकरू असतो. त्याला फुलायची घाई नसते आणि डोळाही बहुतेक एकच असतो.

म्हणून आकार हा या पद्धतीचा जीव आहे. दीड ते दोन सेंटीमीटर. त्याहून फार बारीक असला तर टांगल्या टांगल्या सुकतो, आणि लावला तर पात काडीसारखी निघते. मोठा असला तर डोंगळे. मी मोजायला साधी युक्ती केली. नवं एक रुपयाचं नाणं माझ्या पट्टीवर दोन सेंटीमीटर भरलं. ते पुठ्ठ्यावर ठेवून गोल आखला आणि कापला. जो कंद त्या भोकातून जात नाही तो भाजीत. जो जातो त्यातून दोन पेन्सिली शेजारी ठेवल्यावर होते त्याहून कमी जाडीचे काढून टाकतो. नातवंडांना हे काम फार आवडतं. एका दुपारी होतं.

आता माझ्या परसाचं वेळापत्रक सांगतो. आपापल्या भागाप्रमाणे आठ-पंधरा दिवस मागंपुढं करा.

बी खरिपाच्या जातीचंच घ्यायचं. ही गोष्ट मी त्या दोन ओळींत सांगितली नव्हती आणि तीच सगळ्यात महत्त्वाची होती. बसवंत ७८०, एन-५३, अॅग्रिफाउंड डार्क रेड, भीमा सुपर, भीमा डार्क रेड, भीमा राज, यातली कुठलीही. कांदा दिवस किती मोठा आहे ते बघून कंद धरतो. खरिपाच्या जाती लहान होत जाणाऱ्या दिवसांतही कंद धरतात. एन-२-४-१ किंवा भीमा किरण या उन्हाळ कांद्याच्या जाती. उन्हाळ्यात चाळीत टिकायला एकदम चांगल्या, पण ऑगस्टात लावल्या तर दिवस लहान होत जातात आणि त्या नुसती पात वाढवत बसतात. मान जाड होते, कंद भरत नाही. बी ताजं पाहिजे. कांद्याच्या बियाची उगवण वर्षभरात फार उतरते, मागच्या साली उरलेलं पुडकं वापरू नका.

जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा, या काळात बी टाकतो. चार फूट बाय तीन फुटाचा एक गादीवाफा पुरतो. चाळलेलं शेणखत मिसळतो. पंधरा ग्रॅमच्या आसपास बी, दोन-दोन इंचांवर ओळी, वरून बारीक खत-माती भुरभुरवायची. थंडीत उगवायला आठ-दहा दिवस लागतात, घाबरायचं नाही. उगवल्यावर विरळणी करायची नाही. हे आपल्या हाताला जड जातं, दाटी दिसली की उपटावंसं वाटतं. उपटू नका, दाटी हवीच आहे. वरखतही देऊ नका. पोसलं की कंद मोठा होतो आणि सगळं मुसळ केरात.

एप्रिलमध्ये एक-दोन रोपं उपटून कंद बघत राहायचं. बोराएवढा झाला की पाणी तोडायचं. पात आपोआप पडते. मग पातीसकट उपटून दोन-तीन दिवस सावलीत सुकवायचं, पुठ्ठ्याच्या भोकातून निवडायचं, जुड्या बांधायच्या आणि वारं खेळतं अशा सावलीच्या जागी टांगायच्या. आमच्याकडं पडवी आहे. नसेल तर गच्चीच्या जिन्याखाली टांगा. गोणीत भरू नका, कुजतो. आणि थंड राहील म्हणून फ्रीजमध्ये तर अजिबात ठेवू नका. कंदाला थंडी लागली की तो डोंगळ्याची तयारी करतो. आपला उन्हाळा या कामाला बरा.

त्या वाफ्यातून मला दीड-दोन किलो कंद मिळतात. टांगल्यावर काही सुकतात, काही सडतात, काहींना आधीच मोड येतात. लावायला सव्वा किलोच्या आसपास हाताशी राहतात. मला तेवढे पुरतात.

ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या मागंपुढं, उघडीप बघून लावतो. माझे दोन वाफे आहेत, प्रत्येकी दहा फूट बाय पाच. जमिनीपासून सहा इंच उंच करायचे, कारण सगळा खेळ निचऱ्याचा आहे. शेणखत भरपूर, आधीच मिसळलेलं. सुकलेली पात कापायची, मुळाची बाजू खाली, शेंडा वर. शेंडा मातीच्या बरोबर राहील इतकाच खोल लावायचा. खोल गाडला तर कंद लांबट होतो. ओळींत अर्धी वीत, कंदांत चार बोटं अंतर. पहिले आठ दिवस कोंबड्यांपासून जपायचं. मी पहिल्या साली जपलं नाही, एक अख्खी ओळ कोंबड्यांनी उकरून काढली आणि मी त्यांच्यामागं काठी घेऊन पळतोय हे सगळ्या गल्लीनं पाहिलं.

पुढं दोन खुरपण्या. तण मोठं होऊ दिलं की कांदा गेला. पात उंच दिसावी म्हणून युरिया फेकू नका, मान जाड होते आणि करपा येतो. पावसाची झड लागली आणि पातीला पीळ पडायला लागला तर ती रोपं लगेच उपटून लांब टाका. फुलकिड्यांसाठी घरचं निंबोळी अर्क पुरतं, वेळेवर मारलं तर. दोन वाफे डोळ्यासमोर असतात, रोज तोंड धुताना नजर जाते. हा परसाचा मोठा फायदा आहे. शेतात आठ दिवसांनी दिसणारं दुखणं इथं दुसऱ्या दिवशी दिसतं.

नोव्हेंबरात काढणी. लाल कांद्याची मान उन्हाळ कांद्यासारखी आपसूक पडत नाही. कंद भरला, रंग चढला, पातीचे शेंडे पिवळे झाले की हातानं मान मोडायची, पाणी बंद करायचं आणि आठवड्यानं काढायचं. पातीसकट तीन-चार दिवस सुकवायचा, मग इंचभर मान ठेवून पात कापायची. पहिल्या साली मी तोलून बघितला, बावीस किलो भरला. आमचं सहा माणसांचं घर. महिना-दोन महिने बाजाराचं तोंड बघायला लागलं नाही. हा कांदा टिकाऊ नाही, चाळीत ठेवायच्या भानगडीत पडू नका. काढा, खा, शेजारी द्या.

तो फोटो या बावीस किलोचा होता.

आता पुतण्याचं. पोरगं कष्टाळू आहे, त्यात वाद नाही. फोटो बघून त्यानं विचार केला, की दोन वाफ्यांत बावीस किलो तर वीस गुंठ्यांत किती. कागदावर हिशोब झकास बसतो. वीस गुंठ्यांना दोन क्विंटल सेट लागतात. घरी तयार करायचे तर जानेवारीत बी टाकायला पाहिजे होतं. ती वेळ निघून गेलेली. जुलैत त्याला एक विकणारा सापडला. "खास खरिपाचे सेट", ऐंशी रुपये किलो. त्यानं मला फोन केला. "नाना, सेट मिळतायत, घेऊ का?" मी बाजार समितीच्या आवारात होतो, गाडी लिलावात उभी होती. म्हणलं, "घे रे, चांगली पद्धत आहे." मी माल बघितला नाही. जात विचारली नाही. कधी टाकलेलं उळे, कधी काढलं, काही विचारलं नाही. दोन मिनिटांचा फोन.

सोळा हजारांचं बियाणं आलं. लावताना मी तिकडं गेलो तेव्हा उरलेली एक पाटी बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. त्यात बोराएवढेही होते आणि लिंबाएवढेही. रंग फिका. माझ्या अनुभवानं ती उन्हाळ कांद्याच्या निवडीतली गोल्टी होती. पण तोवर शेत लावून झालं होतं. मी त्याला तिथं काही बोललो नाही. म्हणलं, उगाच पोराचा जीव कशाला खाली करा, निघेलही चांगलं. ही माझी दुसरी चूक. तेव्हाच सांगितलं असतं तर त्यानं निम्मं मोडून कोथिंबीर, मेथी काहीतरी टाकलं असतं.

सप्टेंबरात पात अशी जोरदार होती की येणारे जाणारे थांबून बघायचे. ऑक्टोबर सरला तरी कंद धरेना. एकेका ठिकाणी तीन-तीन फुटवे. नोव्हेंबरात थंडी पडली आणि वाफ्यावाफ्यांत डोंगळे उभे राहिले. डोंगळा आला की कांद्याच्या पोटात दांडा होतो, तो माल कोण घेणार? वीस गुंठ्यांत जिथं पस्तीस-चाळीस क्विंटल निघायला हवा होता तिथं अकरा क्विंटल निघाला, तोही जोड आणि जाड मानेचा. विकणाऱ्याचा फोन लागत नाही. पावती नव्हतीच.

पुतण्या मला काही बोलला नाही. दिवाळीला पाया पडायला आला तेव्हा फक्त म्हणाला, "नाना, तुमचा फोटो लई भारी होता." त्याच्या मनात राग होता की नाही माहीत नाही. मला मात्र त्या दिवशी फराळ गोड लागला नाही.

आता माझं मत स्पष्ट सांगतो.

एक. बोरकांद्याची पद्धत परसासाठी सोन्यासारखी आहे. दोन वाफे, पंधरा ग्रॅम बी, घरातल्या माणसांचे रिकामे तास. नुकसान झालं तर मूठभर बियाचं. ज्याच्या दारात दहा फूट जागा आहे त्यानं करावीच. कांदा उत्पादकानं तर आधी करावी.

दोन. शेतात करायची तर घाई करू नका. एकराला चार क्विंटल सेट लागतात. त्यासाठी दोन गुंठे वाफे जानेवारी ते मे सांभाळायचे, म्हणजे ऐन टंचाईत पाणी द्यायचं. आमच्या तालुक्यात एप्रिलमध्ये विहिरीत किती पाणी असतं ते आम्हाला माहीत आहे. मग चार क्विंटल बारीक कंद एकेक निवडायचे, तीन महिने टांगायचे, त्यातले कुजलेले काढत राहायचं. ज्याच्याकडं पाणी आहे, जागा आहे, घरात हात आहेत, त्यानं आधी एक गुंठा स्वतःच्या सेटवर करून बघावा. दहा किलो सेट लागतात. एक हंगाम गेला तरी चालेल, वीस गुंठे जायला नकोत.

तीन. लवकर येणारा कांदा म्हणजे चढा भाव, या हिशोबावर शेत लावू नका. कधी मिळतो, कधी नाही. २०२३ साली ऑगस्टात कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद झाली. आपण वाफ्यात काय केलं याचा त्या भावाशी काही संबंध नव्हता. परसातल्या कांद्याला ही भीती नाही. तो ताटात येतो, बाजार चढो की पडो.

चार. सेट विकत घेऊ नका. बी घ्या. खात्रीच्या दुकानातून, पिशवीवर जात आणि तारीख बघून, पावतीसकट. सेट घ्यायचेच झाले तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून, जात कोणती आणि उळे कधी टाकलं ते विचारून, आणि पाटीत हात घालून. तळापर्यंत. दहा-बारा कंद आडवे कापून बघा. मधे एकच डोळा दिसला पाहिजे. दोन-तीन दिसले तर पैसे खिशात ठेवा आणि घरी या.

पाच, हे शहरातल्या पाहुण्यांसाठी. मोड आलेला कांदा कुंडीत लावला की मोठा कांदा मिळतो असे व्हिडिओ फिरतात. लावा, हरकत नाही, पण पातीसाठी लावा. पात छान येते, पिठलं-भाकरीबरोबर खा. त्यातून कांद्याची आशा धरू नका. खरा कांदा पाहिजे तर आताच एका पसरट कुंडीत चमचाभर बी टाका आणि वर सांगितल्याप्रमाणे सेट करा. फूटभर रुंद कुंडीत पुढं सहा-सात कांदे होतात. भाजीच्या क्रेटमध्ये वीस-बावीस. सहा तास ऊन आणि खालून पाणी निघून जायला भोकं, एवढं पाहिजे.

सगळ्यात शेवटी, एक आपल्या घरातलं. आई म्हणायची, विकायचा कांदा वेगळा, खायचा वेगळा. मी तेव्हा हसायचो. आपण शेतकरी विकायच्या मालाचा इतका विचार करतो की घरचं ताट बाजारावर सोडतो. परस म्हणजे बायकांचं काम, त्यात काय लक्ष घालायचं, असं आपण म्हणतो. माझ्या घरात ते काम आईनं सांभाळलं होतं तोवर मला त्याची किंमत कळली नाही. आता बी मी टाकतो, निवड सौ. आणि नातवंडं करतात, जुड्या सौ. बांधते. तिची वेणी माझ्यापेक्षा घट्ट बसते, मी बांधलेल्या जुडीतून कंद गळतात.

परवा पुतण्याकडं गेलो होतो. बसवंत ७८० चं ताजं बी नेलं, तीस ग्रॅम. म्हणलं, पंधरा तुझ्या परसात, पंधरा माझ्या. तो म्हणाला, "नाना, परत कांद्याचं नाव नका काढू." मी काही बोललो नाही. त्याच्या आईनं वाफा करून ठेवला होता. आम्ही तिघांनी मिळून बी टाकलं, वर माती भुरभुरवली, झारीनं पाणी दिलं. निघताना तो दारापर्यंत आला आणि विचारलं, "विरळणी कधी करायची?"

म्हणलं, करायचीच नाही.

एप्रिलमध्ये कंद केवढे झाले ते इथं सांगेन. यावेळी फोटोबरोबर सगळं लिहीन.